पाहिलेलं आणि दिसलेलं : वऱ्हाडातल्या साधनामार्गांची प्रस्तावना

शिरपूरच्या जैन मंदिरात पार्श्वनाथांची काळी, अर्धपद्मासनात बसलेली मूर्ती आहे. तिला ‘अंतरिक्ष’ म्हणतात. ती जमिनीला टेकलेली नाही, अधांतरी आहे, अशी श्रद्धा. मूर्तीखालून कापड सरकवून दाखवायची इथली जुनी रीत आहे आणि ते कापड जवळजवळ आरपार जातं. पूर्वी मूर्ती इतकी उंच होती की खालून घोडेस्वार जात असे, असं आख्यायिका सांगते. भाविक त्या फटीकडे पाहून हात जोडतो. एखादा गवंडी त्याच फटीकडे पाहून ती किती बोटांची आहे याचा अंदाज घेईल. फट दोघांच्या डोळ्यांसमोर एकच आहे.

शिरपूर आज वाशीम जिल्ह्यात आहे. १९९८ मध्ये वाशीम वेगळा होईपर्यंत ते अकोला जिल्ह्यात होतं. मूर्तीचा मान दिगंबर आणि श्वेतांबर दोन्ही पंथांना सारखाच. तरी दिगंबरांसाठी ती निर्वस्त्र, निरलंकार ध्यानमूर्ती. श्वेतांबरांच्या पूजेत लेप, डोळे, अलंकार येतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन्ही पक्षांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या, पण लेपावरून पुन्हा बिनसलं. खटला अकोल्याच्या न्यायालयातून नागपूरला आणि तिथून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९२९ मध्ये तिथला निकाल लागला, पण वाद मिटला नाही. पुढे मंदिराला लागलेलं कुलूप चार दशकांहून जास्त काळ टिकलं आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर निघालं. म्हणजे एक आख्खी पिढी मूर्तीचं दर्शन दारातल्या झरोक्यातून घेत मोठी झाली.

या भांडणातली खोच अशी, की सत्याला अनेक बाजू असतात आणि कोणत्याही एका बाजूने केलेलं विधान त्या बाजूपुरतंच खरं असतं, हा विचार भारतात सर्वांत बारकाईने मांडला तो जैनांनीच. त्यालाच अनेकांतवाद म्हणतात. त्याच्या अभ्यासाचं एक मोठं केंद्र शिरपूरपासून फार लांब नाही. कारंजा लाडमध्ये दिगंबर भट्टारकांची तीन पीठं होती, पोथ्यांची भांडारं होती. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी कारंजाच्या भांडारांतल्या अपभ्रंश पोथ्या उजेडात आणल्या. षट्खंडागमावरची ‘धवला’ ही प्राचीन टीका त्यांनी संपादित केली आणि तिचा पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहूनच छापून निघाला. एकीकडे अनेकांताचे ग्रंथ छापले जात होते आणि शे-दीडशे किलोमीटरच्या आत एका मूर्तीच्या डोळ्यांवरून कज्जा चालू होता. यावरून जैनांना हसण्याचं कारण नाही. सत्याला अनेक बाजू आहेत हे मान्य करणं सोपं आहे. उद्या सकाळची पूजा कोणत्या बाजूने करायची, तिथे अडतं.

वऱ्हाडातल्या साधनामार्गांची ओळख करून घेताना हीच अडचण पुन:पुन्हा समोर येते. एखाद्याला आलेला अनुभव दुसऱ्याने किती खरा मानायचा? अनुभवापलीकडचं, सगळ्यांना सारखं असणारं असं काही सत्य आहे का? आणि ते हाती लागेपर्यंत थांबायचं नसेल, तर आपल्यासाठी साधना निवडायची कशाच्या आधारावर?

मराठी भाषेने या गुंत्याचा एक पदर आधीच सोडवून ठेवला आहे. मराठी माणूस ‘मी पाहिलं’ म्हणतो आणि ‘मला दिसलं’ही म्हणतो. पाहणारा ‘मी’ कर्ता असतो. त्याने डोळे वळवले, नजर लावली, आणि त्याला उलटतपासणीत उत्तर देता येतं. ‘मला दिसलं’ मध्ये माणूस कर्ता राहत नाही. दिसणं त्याच्याकडे चालून येतं, जशी भूक लागते, आठवण येते, भीती वाटते. अनुभव ‘येतो’, प्रचीती ‘येते’. कोणी ती करत नाही. कोर्टातला साक्षीदार ‘मी पाहिलं’ म्हणतो, पारायण संपवून उठलेला भक्त ‘मला दिसलं’ म्हणतो. घोटाळा होतो तो दिसलेलं पाहिलेलं म्हणून सांगितलं जातं तेव्हा, आणि पाहिलेलं नुसतं दिसलेलं म्हणून उडवून लावलं जातं तेव्हाही.

हा फरक तेराव्या शतकात ज्यांनी कागदावर सांभाळला, ते याच मुलखात वावरले. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर ही महानुभाव पंथाची काशी. पंथप्रवर्तक चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राऊळ, इथे राहत. ते कुणाच्याही घरात शिरून जेवत, पोरांमध्ये खेळत, मधेच हसत, मधेच रागावत, अस्पृश्य मानलेल्या वस्तीतही बिनदिक्कत जात. गावकरी त्यांना वेडा म्हणत. शिष्यांच्या लेखी ते साक्षात ईश्वर होते. त्यांच्या चरित्रात या दोन्ही गोष्टी आहेत. ईश्वराचं चरित्र लिहिणाऱ्याने गावकऱ्यांचा ‘वेडा’ हा शब्द गाळला नाही, हे विशेष. गावाने काय पाहिलं आणि शिष्यांना काय दिसलं, हे त्याने एकाच पानावर राहू दिलं.

‘लीळाचरित्र’ असंच घडलं. चक्रधर गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. प्रसंगाच्या वेळी जे हजर होते त्यांना गाठायचं, विचारायचं, मग नागदेवाचार्यांपुढे ठेवून खातरजमा करायची, अशी त्यांची पद्धत. कोणत्या गावी, कोणाच्या समोर, काय खाताना, काय बोलताना, असा सगळा तपशील त्यात येतो. पुढे मूळ पोथी हातची गेली आणि लीळा आठवणीतून पुन्हा लिहाव्या लागल्या. आठवणी जुळेनात. तेव्हा एकाला काय आठवतं आणि दुसऱ्याला काय, हे पाठभेद म्हणून शेजारी शेजारी ठेवले गेले. सगळे घासूनपुसून एक गुळगुळीत कथा केली गेली नाही. मराठी भाषा विद्यापीठासाठी रिद्धपूर निवडलं गेलं ते मराठी गद्याच्या या जन्मस्थानाच्या मानाने. साक्षीपुराव्याची मराठी रीतही इथलीच आहे, हे मात्र क्वचित सांगितलं जातं.

गोविंदप्रभूंनंतर सुमारे सहाशे वर्षांनी जवळपास तोच प्रसंग शेगावात घडला. २३ फेब्रुवारी १८७८. देविदास पातुरकरांच्या घरी जेवणावळ उठली होती, उष्ट्या पत्रावळी बाहेर पडल्या होत्या आणि एक तरुण त्या पत्रावळींवरची शितं वेचून खात होता. येणाऱ्याजाणाऱ्यांना तो वेडा वाटला. बंकटलाल अग्रवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी यांना तो योगी वाटला. समोरचं दृश्य एकच होतं: पत्रावळ, शितं, तरुण. पुढे तेच गजानन महाराज म्हणून ओळखले गेले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी समाधी घेतली. आज दासगणूंच्या एकवीस अध्यायांच्या पोथीचं पारायण होत नाही असं गाव वऱ्हाडात मिळणं कठीण. पण त्या दिवशी त्या गल्लीतून गेलेल्या बाकीच्या माणसांचे डोळे काही अधू नव्हते. त्यांनीही नीटच पाहिलं होतं.

मग प्रत्यक्षात माणूस साधना निवडतो कशी? वऱ्हाडात बहुधा तो निवडत नाहीच. ती घरात आधीपासून असते. भिंतीवर शेगावच्या महाराजांची तसबीर असते, फळीवर ग्रामगीता असते, आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ असते. एखादी सून महानुभावांच्या घरातून आलेली असते आणि ती इतर देवतांचा नैवेद्य हातात घेत नाही. सासूला आधी ते खटकतं, मग दोन ताटं वेगळी वाढायची सवय होते. घरातला मुलगा श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याच्या कावडयात्रेत असतो. गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरायचं आणि अनवाणी पायांनी कावड खांद्यावर घेऊन राजराजेश्वराला यायचं. कावडीला किती भरणे लावले यावरून मंडळा-मंडळांत चुरस असते. त्या पोराला साधनेचं तत्त्वज्ञान विचारलं तर तो सोललेला खांदा दाखवेल. असं घर शोधायला वऱ्हाडात लांब जावं लागत नाही, आणि त्या घरात वाद होतात ते सत्याच्या स्वरूपावरून क्वचितच. होतात ते चातुर्मासात पोह्यात कांदा घालायचा का, यावरून.

या घरगुती निवडीच्या मागे एक सिद्धान्त उभा करण्याचं काम ज्याने केलं, त्याला डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं.

गुलाबराव महाराज, गोंदुजी मोहोड यांचे पुत्र, १८८१ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळी या आजोळच्या गावी जन्मले. घर चांदूर बाजारजवळच्या माधानचं, जात कुणबी. वर्षही पुरं झालं नव्हतं तेव्हा त्यांची दृष्टी गेली. आई लहानपणीच वारली, आजीने वाढवलं. शाळा नाही, अक्षरओळख नाही. लोक वाचून दाखवत आणि ते ऐकत. ऐकलेलं लक्षात राही. लोक लिहून घेत आणि ते सांगत. ३४ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभरहून अधिक लहानमोठे ग्रंथ सांगितले: मराठीत, संस्कृतात, हिंदीत, आणि बायकांच्या तोंडी बसतील अशी वऱ्हाडी बोलीतली गाणीसुद्धा. डार्विन आणि हर्बर्ट स्पेन्सर यांच्या मतांशी त्यांनी वाद घातला, आर्य बाहेरून आले या मताला विरोध केला, सोयीची अशी स्वतःची एक लिपीही तयार केली. त्यातलं सगळंच आज टिकणारं नाही. उत्क्रांतीवरचे त्यांचे आक्षेप जीवशास्त्राच्या पुढच्या शतकाने मागे टाकले. पण माधानसारख्या खेड्यात बसून स्पेन्सर ऐकणारा आणि त्याला उत्तर देणारा अंध तरुण, हे चित्र आजही थबकायला लावतं.

त्यांनी स्वतःसाठी निवडलेली साधना तर आणखी थबकायला लावणारी. १९०१ मध्ये आळंदीला ज्ञानेश्वरांनी आपल्याला मंत्र दिला, असं ते सांगत. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवत आणि कृष्णाची पत्नी मानत. कपाळी कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, असा त्यांचा वेष असे. त्यांचं लग्न झालेलं होतं, प्रपंच होता. बाहेरून पाहणाऱ्याला एक अंध गृहस्थ दिसे, ज्याने मंगळसूत्र घातलं आहे. कुत्सितपणे बोलणारे तेव्हाही असणार. पण या माणसाने आपल्या अनुभवावरून इतरांसाठी नियम काढला नाही, ही त्यांच्या विचारातली सर्वांत महत्त्वाची बाजू आहे. त्यांच्या मताला ‘मधुराद्वैत’ म्हणतात: अद्वैताचं ज्ञान झाल्यावरही प्रेमाची भक्ती उरते आणि उरावी. पण ज्ञान, योग, कर्म, नामस्मरण यांतलं काहीच त्यांनी खोटं ठरवलं नाही. प्रत्येकाला अधिकारानुसार जागा दिली. त्यासाठीच त्यांना समन्वयमहर्षी म्हणतात.

‘अधिकार’ हा शब्द आज तहसील कचेरीत जाऊन बसला आहे. अधिकारी, अधिकारक्षेत्र, अधिकारपत्र. साधनेच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ पात्रता, जोगेपणा असा आहे, आणि तो वरखालीपेक्षा मापाच्या अंगाने घेतला तर जास्त कळतो. चप्पल पायाच्या मापाची घ्यावी लागते. दुकानातली सर्वांत महाग चप्पल पायाला लागू शकते. गुलाबरावांच्या मांडणीत अंतिम सत्य एकच आहे, त्याबाबत त्यांनी तडजोड केली नाही. बदलतो तो चालणाऱ्याचा पाय. त्यामुळे ‘प्रत्येकाचं सत्य वेगळं’ या आजच्या सोयीस्कर वाक्याशी त्यांचं जमलं नसतं, आणि ‘सत्य एक म्हणून वाटही एकच’ या हट्टाशीही नाही.

हत्ती आणि आंधळे ही गोष्ट जैन आणि बौद्ध दोन्ही परंपरांत सांगितली जाते. एकाला हत्ती सुपासारखा, एकाला खांबासारखा. पण या गोष्टीत एक चोरवाट आहे: गोष्ट सांगणाऱ्याला आख्खा हत्ती दिसत असतो. तो स्वतः कुठे उभा आहे हे कोणी विचारत नाही. गुलाबराव आंधळ्यांच्या रांगेतून बोलणारे तत्त्वज्ञ होते. आपल्या हाताला काय लागलं ते त्यांनी ठामपणे सांगितलं, आणि शेजारच्याच्या हाताला दुसरं काही लागत असेल तर तो लबाड आहे असं म्हटलं नाही. १९१५ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं.

त्यांच्याच हयातीत, १९०१-०२ मध्ये, अमेरिकी विचारवंत विल्यम जेम्स यांनी एडिंबरोला धार्मिक अनुभवांवर व्याख्यानं दिली. ती ‘द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्स्पीरियन्स’ या नावाने १९०२ मध्ये पुस्तकरूपाने आली. जेम्सचं म्हणणं थोडक्यात असं: गूढ अनुभव ज्याला येतो त्याच्यापुरता तो निर्णायक असतो, आणि तसा असण्याचा त्याला हक्क आहे; पण ज्याला तो आला नाही त्याने तो निमूट मानावा, असं बंधन नाही. अनुभवाची पारख त्याच्या मुळावरून न करता फळांवरून करावी.

फळांवरून पारख, हे तत्त्व एडिंबरोला व्याख्यानात सांगितलं गेलं, त्यानंतर तीन-चार वर्षांतच दर्यापूर-मूर्तिजापूरच्या पट्ट्यात एका माणसाने ते खराट्याने अमलात आणायला घेतलं. डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म १८७६, शेंडगाव, जात परीट. वडील दारूपायी गेले. लहानपण अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी मामाकडे गुरं राखण्यात आणि शेती करण्यात गेलं. मुलीच्या बारशाला मटण आणि दारूऐवजी गोड जेवण घातलं, तेव्हा भाऊबंद रुसले. १९०५ मध्ये घर सोडलं. अंगावर चिंध्या जोडून केलेलं वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा, आणि खायला-प्यायला तसंच डोक्यावर पालथं घालायला एक मडक्याचं खापर. त्या गाडग्यावरून नाव पडलं गाडगेबाबा.

बाबांच्या पद्धतीत अनुभव सांगण्याला जागाच नव्हती. गावात शिरायचं ते झाडत. दिवसभर गटारं, रस्ते साफ करायचे आणि रात्री कीर्तन. कीर्तन म्हणजे प्रश्नांचा मारा, तोही वऱ्हाडीत. देव नवसाला पावतो हे कोनं पाह्यलं, अशा वळणाचा प्रश्न ते समोरच्या गर्दीला टाकत आणि उत्तर गर्दीकडूनच काढून घेत. नवसाला बोकड कापणारा, कर्ज काढून तेरवी घालणारा आपल्याच तोंडाने अडचणीत येई. आपण कुणाचे गुरू नाही आणि कुणी आपला शिष्य नाही, असं ते सांगत. पंढरपूरला वर्षानुवर्षं गेले, पण त्यांचं काम देवळाबाहेरच्या वाळवंटात आणि धर्मशाळेत असे. पूर्णेच्या काठी ऋणमोचनला यात्रेकरू चिखलात घसरत, म्हणून तिथे त्यांनी घाट बांधवला. हा घाट म्हणजे त्यांच्या पारमार्थिक अनुभवाचा पुरावा आहे का? बाबांनी तसा दावा केला नाही. पण दगडी पायरीवर पाय ठेवणाऱ्या म्हातारीला ती पायरी दिसलेली आहे की पाहिलेली, असा प्रश्न पडत नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच त्यांचा शेवट झाला. आज अमरावतीचं विद्यापीठ त्यांच्या नावाचं आहे. ते स्वतः शाळेत गेले नव्हते.

आधार फळांचा घ्यायचा, तर एक कठोर हिशेबही मांडावा लागतो. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला मेळघाटात, कोरकू वस्त्यांमध्ये, पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापवलेल्या विळ्याने चटके देण्याची प्रथा आहे. तिला ‘डंबा’ म्हणतात. चटके देणारा भूमका, म्हणजे गावचा पारंपरिक वैदू, किंवा घरातली म्हातारी बाळाचं वाईट व्हावं म्हणून ते करत नाही. त्यांना त्यातून बाळं बरी झालेली ‘दिसली’ आहेत. जी दगावली ती कुणी मोजली नाहीत. इथे पंथ, परंपरा, अधिकार यांतलं काहीही मधे येऊ शकत नाही, कारण बाळाचं पोट सगळ्यांसाठी एकच आहे आणि त्यावरचा फोड भाजल्याचाच आहे. दम देऊन प्रथा थांबत नाही हे ओळखून आरोग्य यंत्रणेने भूमकांनाच सोबत घेऊन बाळ दवाखान्यात आणण्याचे प्रयत्न केले, ते शहाणपणाचे होते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही ही रेघ नीट ओढली आहे. अघोरी उपचार, भूत उतरवण्यासाठी मारहाण, चमत्काराच्या नावाने फसवणूक हे गुन्हे. आणि वारी, यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन, उपासना यांना हा कायदा लागू नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. शरीराबद्दल आणि पैशाबद्दल दावा केला, की तो तपासला जाणारच. मनाच्या शांतीबद्दल कायदा गप्प आहे.

निवडीची चर्चा करताना आणखी एक गोष्ट विसरली जाते. निवडायला दार तरी उघडं लागतं. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ मध्ये चळवळ झाली. त्या वर्षी नोव्हेंबरात अमरावतीला भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. मंदिरप्रवेशाच्या बाजूने उभे राहिलेले पंजाबराव देशमुख तेव्हा नुकतेच विलायतेहून परतले होते. जेम्सनी ज्या एडिंबरोत व्याख्यानं दिली, तिथेच दोन दशकांनी ते शिकले होते, आणि ऑक्सफर्डला त्यांनी वैदिक वाङ्मयातला धर्माचा उगम आणि विकास या विषयावर संशोधन केलं होतं. देवाची कल्पना माणसांनी कशी घडवत नेली हे ग्रंथांतून शोधलेला माणूस देवीच्या दारात सगळ्यांना जागा मागत होता. त्यात त्याला विसंगती वाटली नाही. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांसोबत ज्या लाखोंनी बौद्ध धम्म स्वीकारला, त्यांत वऱ्हाडातली गावंच्या गावं होती. वर्षानुवर्षांच्या अभ्यासानंतर, जाहीर करून, बावीस प्रतिज्ञा घेऊन केलेली ही निवड. घरात आधीपासून असलेली साधना चालू ठेवणाऱ्याला निवडीचा भार जाणवत नाही. जुनी सोडणाऱ्याला तो पुरेपूर जाणवतो.

सुशिक्षितांची कोंडी वेगळी. अमरावतीचे नामांकित वकील, टिळकांचे निकटचे सहकारी दादासाहेब खापर्डे डिसेंबर १९१० मध्ये शिर्डीला गेले, आणि पुन्हा डिसेंबर १९११ ते मार्च १९१२ असे तीन महिने राहिले. ते इंग्रजीत रोजची डायरी लिहीत. आज किती वाजता उठलो, काकड आरतीला कोण होतं, साईमहाराज आज कसे दिसले, दुपारी ‘पंचदशी’ किती वाचली. चमत्काराच्या शोधात ही डायरी उघडणाऱ्याची निराशा होते. पण उलटतपासणीत मुरलेला माणूस साधना करताना स्वतःकडे कसं पाहतो, याचा इतका साधा दस्तऐवज मराठी मुलखात दुसरा सापडणं अवघड. शिर्डीत बसून वेदान्ताचा ग्रंथ वाचायचा आणि मग मशिदीत जाऊन हात जोडायचे, यात त्यांना एकाने दुसरं खोडलं जातं असं वाटलं नाही.

आणि साधना एकदा निवडली की ती जन्मभर तशीच राहते, असंही नाही. यावलीचा माणिक बंडोजी इंगळे, जन्म १९०९, वरखेडच्या आडकोजी महाराजांचा शिष्य. पोरवयात रानावनात एकांतात राहिला, खंजिरीवर भजनं गात हिंडला. तोच पुढे तुकडोजी महाराज म्हणून ओळखला गेला आणि त्याने साधना रानातून चव्हाट्यावर आणली. १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला. १९४२ च्या आंदोलनात नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात काही महिने काढले. सुटून आल्यावर त्यांचा सगळा भर सामुदायिक प्रार्थनेवर. रोज, ठरलेल्या वेळी, गावातल्या सगळ्यांनी, जातपात न पाहता एका ओळीत बसायचं. समोर अधिष्ठान म्हणून मोकळं आसन. त्या आसनावर कोणाला राम दिसावा, कोणाला अल्ला, कोणाला काहीच दिसू नये, याची त्यांना अडचण नव्हती. ओळ सरळ असावी, वेळ पाळली जावी आणि प्रार्थना संपल्यावर गावाचं काम व्हावं, यावर मात्र त्यांचा कटाक्ष असे. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘ग्रामगीते’त म्हणूनच देवाइतकंच गावाच्या कारभाराबद्दल, शेतीबद्दल, आरोग्याबद्दल येतं.

म्हाइंभट, गुलाबराव, गाडगेबाबा आणि तुकडोजी या चौघांच्या कामाची गावं एसटीच्या एका दिवसाच्या फेरीत गाठता येतात. कोणी काय सांगितलं ते त्याच्या नावानिशी टिपून ठेवायचं, आपला अधिकार ओळखायचा, साधनेने हाताला काय करायला लावलं ते पाहायचं, आणि आतलं वेगळं असलं तरी बाहेर एका ओळीत बसायचं. या चार रीती एकमेकींना पुरत्या जुळत नाहीत. गुलाबरावांची मंगळसूत्रातली मधुरा भक्ती गाडगेबाबांच्या कीर्तनात टिकली असती का, ही शंका रास्त आहे. आणि खराट्यानेच सगळा परमार्थ साधतो हे गुलाबरावांनी मान्य केलं असतं, असं म्हणता येत नाही. पुढचं वाचताना वाचकाने त्यांना घाईने जुळवू नये, एवढीच अपेक्षा.

तुकडोजी महाराजांचं निधन ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झालं. दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथी महोत्सवात मोझरीला अमरावती-नागपूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणूसच माणूस असतो. भगव्या टोप्या, बैलगाड्यांनी आणि एसटीने आलेली खेडी, कडेवर पोरं. दुपारचे ४ वाजून ५८ मिनिटं होतात आणि लाखांचा तो समुदाय एकदम गप्प होतो. घड्याळातली वेळ सगळ्यांची एकच असते. त्या मौनात शेजारच्या माणसाच्या डोळ्यांसमोर काय आहे हे कोणालाच कळत नाही, आणि कोणी विचारतही नाही. मग वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थना सुरू होतात, कडेवरचं एखादं पोर रडायला लागतं आणि त्याची आई पदराच्या गाठीत बांधलेला लाह्यांचा मूठभर प्रसाद सोडू लागते.